तेरा मिलिमीटर

२६५
*टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये.*

रविवारी सकाळी सव्वासातला बेंगळुरूच्या तुमकूर रोडवर आमच्या ओळखीच्या संग्रामच्या मोठ्या गाडीला जळका वास आला. डॅशबोर्डवरचे तीन दिवे एकदम लागले आणि आत सात माणसं घेऊन ती भिंतीएवढी गाडी कडेला जाऊन उभी राहिली. आदल्याच दिवशी तिला मागचे दोन नवे टायर बसवले होते.

सोमवारी कंपनीच्या वर्कशॉपनं निदान सांगितलं. पुढचे टायर २६५/६० आर १८, मागचे २६५/६५ आर १८. पुढची चाकं लहान, मागची मोठी. चारही चाकांना जोर वाटून देणारा भाग या ओढाताणीत जळाला. टायर चुकीचे, म्हणून वॉरंटी नाही.

बुधवारी ते टायर बसवणारा गुंडू बनशंकरीला आमच्या घरी आला.

माझ्याकडे नाही. माझ्या बायकोकडे.

विद्या आणि मी एकाच सरकारी मोजमाप प्रयोगशाळेतून निवृत्त झालो. मी तिला चार वर्षांनी सीनियर. मीटर म्हणजे नक्की किती हे मलाही तितकंच कळतं. पण कुणाचं काही हरवलं, बिघडलं, जुळेनासं झालं की लोक बेल वाजवतात आणि मी दार उघडल्यावर माझ्या खांद्यावरून आत बघतात. "अक्का हायत का?"

"मंजुनाथ अण्णांनी शनवार संध्याकाळी सहापतूर टाइम दिलाय, अक्का," गुंडू म्हणाला. तो निपाणीकडचा, पन्नाशीचा. रिंग रोडवर मारतहळ्ळीला मंजुनाथच्या टायरच्या दुकानात बावीस वर्षं आहे. आमच्या छोट्या गाडीचे टायर तोच बदलतो. "माझी चूक न्हाई असं दिसलं तर ठेवतो म्हनत्यात. न्हाईतर नाव नि फोटू टायरवाल्यांच्या ग्रुपवर. मग मला रिंग रोडला कोन उभं करतंय?"

"साइज कुणी सांगितला?" विद्यानं विचारलं.

"फोटू आला हुता. संग्राम सायबांच्या नंबरावरनं, आयुधपूजेच्या, खंडेनवमीच्या दुपारी. खाली लिवलं हुतं, मागचे दोन, हाच साइज. आमच्यात फोटू आला की तीच आर्डर."

"आणि संग्राम काय म्हणतो?"

"म्हनत्यात, म्या पाठवलाच न्हाई. फोन घरात पडला हुता, कुनीतरी पाठवला. म्या नुसता गाडी घेऊन आलो."

"जुना टायर काढताना त्याच्यावरचा आकडा वाचला नाहीस?" हे मी विचारलं. प्रश्न चांगला होता.

"वाचला की," गुंडूनं विद्याला सांगितलं. "साठ हुता. अण्णांना जाऊन बोललो. ते म्हनले, गिऱ्हाइकानं फोटू दिलाय, घाल. आता म्हनत्यात, दारातलं स्टिकर का न्हाई बघितलं?"

ड्रायव्हरचं दार उघडलं की आतल्या खांबावर एक स्टिकर असतं. कुठला साइज, किती हवा, सगळं त्यावर असतं. टायर घेताना लोक शेजाऱ्याला विचारतात, मेहुण्याला विचारतात, तिथं मात्र वाचत नाहीत.

"का नाही बघितलंस?"

"गाडीला कुलूप हुतं, अक्का. सायब एरवी चावी माझ्या हातात देत्यात. त्या दिवशी चावी खिशात घालून समोर कॉफी प्यायला गेले."

विद्या चष्मा पुसू लागली. तिला काही सापडलं की ती चष्मा पुसते. मला सापडलं की मी बोलतो. म्हणून लोकांना वाटतं, तिला जास्त सापडतं.

६०
*टायरच्या भिंतीची उंची. मिलिमीटरमध्ये नाही, रुंदीच्या टक्क्यांत. इथंच सगळे फसतात.*

२६५ चे साठ टक्के म्हणजे १५९. पासष्ट टक्के म्हणजे १७२ आणि वर थोडं. फरक तेरा मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही. पण चाक गोल असतं. दर किलोमीटरला पुढची चाकं मागच्यांपेक्षा तेरा-चौदा फेऱ्या जास्त मारतात, आणि त्या फेऱ्यांचा हिशेब मधल्या भागाला चुकवावा लागतो.

हे गणित मी मंजुनाथच्या दुकानाकडे जाताना रिक्षात तोंडी केलं. विद्या म्हणाली, "हं." तिनं ते घरीच केलेलं होतं.

मंजुनाथवर माझा संशय होता. न खपलेला माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचा आणि अंगाशी आलं की कामगाराला पुढं करायचं. मी हे दुकानाबाहेर तिच्या कानात सांगितलं.

वर्कशॉपनं परत पाठवलेले ते दोन टायर फळीला टेकून उभे होते. विद्या साडी सावरून खाली बसली आणि टायरच्या कडेवरचे चार आकडे तिनं बोटानं वाचले. कितवा आठवडा, कुठलं वर्ष.

"तीन महिन्यांपूर्वीचा आहे," ती म्हणाली. "पडून राहिलेला माल नाही हा."

"हा साइज मी ठेवतच नाही, मेडम," मंजुनाथ कन्नडमध्ये म्हणाला. "मुद्दाम मागवला. बरं, आता सांगा, स्टिकर न वाचता टायर चढवणाऱ्याला मी कसा ठेवू?"

"तो फोटो दाखवता?"

दुकानाच्या फोनवर फोटो होता. विद्यानं तो मोठा केला. काळ्या रबरावर २६५/६५ आर १८ स्पष्ट दिसत होतं. नव्या टायरला असतात तसे रबराचे बारीक केस होते. आणि आकड्यांवरून ओढलेली हळदीकुंकवाची दोन बोटं.

"संग्रामचे मागचे टायर गुळगुळीत झाले होते. हा त्याच्या गाडीचा टायर नव्हे," विद्या म्हणाली.

"आणि इथल्या कानडी लोकांनी विभूतीचे पट्टे ओढले असते," मी घाईघाईनं म्हणालो. "ही आपल्याकडची खंडेनवमीची पूजा आहे. म्हणजे मराठी घर!"

मंजुनाथनं माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच.

"बरोबर," विद्या म्हणाली.

तिच्या तोंडचा हा शब्द मी घरापर्यंत जपून नेला.

आर
*रेडियल. आतले धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडवे गेलेले. नात्यातल्या माणसांसारखे.*

संग्राम चिक्कोडीचा. वीस वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत विद्याच्या हाताखाली शिकाऊ म्हणून आला होता. आता रिंग रोडवरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि एचएसआर लेआउटला सहाव्या मजल्यावर राहतो. त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्याचा चुलतभाऊ अजिंक्य. अजिंक्यला बेंगळुरूला संग्रामनंच आणला, नोकरी लावली, घर बघून दिलं. आठ महिन्यांपूर्वी अजिंक्यनं गाडी घेतली. तीच गाडी, पण नवी आवृत्ती.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा संग्राम ऑफिसला गेला होता. त्याची बायको रंजिता चहा टाकता टाकता बोलत होती.

"फोन? दुपारी सगळे जेवायला अजिंक्यकडे होतो, काकू. ह्यांचा फोन तिथंच सोफ्यावर. त्याचं कुलूप मला उघडता येतं, अजिंक्यला येतं, माझ्या पोरालाही येतं."

"गाडीवर जीव आहे ना संग्रामचा?" मी विचारलं.

"जीव? सर्व्हिसिंगची तारीख पाठ आहे. लग्नाची विचारून बघा!"

मी विद्याकडे अर्थपूर्ण पाहिलं. विद्या साखर ढवळत होती.

"पूजेला सासूबाई होत्या?" तिनं विचारलं.

"गंगव्वा आई? होत्या की. त्यांनीच दोन्ही गाड्यांना हळदीकुंकू लावलं. आणि बोलूनही गेल्या, संग्राम्या, अजिंक्याची गाडी तुझ्यापेक्षा उंच दिसती बघ. सगळे हसले."

"संग्राम?"

"तेपण हसले."

खाली तिसऱ्या मजल्यावर अजिंक्य दार उघडं ठेवूनच बसला होता.

"माहितीये मला काका, सगळ्यांना वाटतं मीच केलं," तो म्हणाला. "फोटोतला टायर माझ्याच गाडीचा आहे. दादाच्या फोनवर बघितला मी. पण मी कशाला पाठवू? दादानं मला पायावर उभं केलंय. आणि मी शुक्रवारी रात्री हुबळीला गेलो तो सोमवारी आलो."

"तुझ्या गाडीचा कंपनीचा साइज पासष्टच?"

"नव्या मॉडेलला तोच आहे. दादाच्या मॉडेलला साठ."

लिफ्टमध्ये मी विद्याला उकल सांगितली. "रंजिता. गाडी म्हणजे तिची सवत. फोन हाताशी होता. मोडून टाकली."

"आणि तीच गाडी मोडणार हे माहीत असून सासूला, पोराला घेऊन स्वतः आत बसली?"

लिफ्ट तळघरात थांबली. मी आधी बाहेर पडलो.

१८
*रिमचा व्यास, इंचांत. हा एवढाच आकडा जो ओढून ताणून बदलता येत नाही.*

तळघरात संग्रामची जागा रिकामी होती. शेजारी अजिंक्यची गाडी. दोन्ही जागांच्या मधे, मागच्या बाजूला, सिमेंटचा खांब.

विद्या गाडीकडे बघेना. ती खांबाकडे बघत होती. मग पर्समधून टेप काढला. निवृत्तीनंतरही ती पर्समध्ये टेप ठेवते. मी ठेवत नाही. तिला आधी सुचलं याची मला लाज वाटते.

"इकडं ये."

डोक्याच्याही वर, गाडीच्या टपाच्या उंचीला, पेन्सिलच्या तीन रेघा होत्या. बारीक, पट्टी धरून मारलेल्या.

सर्वांत खाली: सं. १/१०.
तिच्यावर बारा मिलिमीटर: अ. १/१०.
आणि त्याच्याही वर, जेमतेम एक मिलिमीटर: सं. ४/१०.

प्रत्येक तारखेपुढं बरोबरची खूण, खुणेपुढं टिंब.

"पहिली तारीख आयुधपूजेची," विद्या म्हणाली. "चार तारीख शनिवार, टायर बसवले तो दिवस. रविवारी पहाटे गाडी इथून निघाली ती परत आलीच नाही. म्हणजे वरची रेघ शनिवारी संध्याकाळीच मारली. अजिंक्य तेव्हा हुबळीला होता."

"रंजिता?"

"रेघेपुढं तारीख, तारखेपुढं खूण, खुणेपुढं टिंब. ही मी शिकवलेली पद्धत. नोंद दोनदा तपासली असेल तरच टिंब द्यायचं. माझ्या हाताखालून गेलेल्यांशिवाय असं कोण करतं?"

तिनं टेप गुंडाळला.

"फोटो संग्रामनंच पाठवला. गाडीला कुलूपही त्यानंच लावलं, गुंडूनं स्टिकर वाचू नये म्हणून. सगळं जुळतं." ती पुन्हा खांबाकडे वळली. मग म्हणाली, "पण का? एवढा हुशार मुलगा. स्वतःच्या गाडीला चुकीचे टायर कोण लावतं? यात त्याला मिळालं काय?"

आयुष्यात पहिल्यांदा विद्याला एक गोष्ट कळत नव्हती आणि मला कळत होती.

मी वरच्या दोन रेघांमधलं अंतर पाहिलं. एक मिलिमीटर.

"एवढं," मी म्हणालो.

तिला तरीही कळलं नाही. तिला ते कळायचं इंद्रियच नाही. गंगव्वाच्या एका वाक्यानं त्याला काय झालं असेल ते मी सांगू शकलो असतो. आपण आणलेला, आपण उभा केलेला माणूस, आणि आपल्याच आईला तो उंच दिसतो. मग जेवण झाल्यावर गुपचूप खाली यायचं, पट्टी धरायची, मोजायचं. फरक बारा मिलिमीटर. त्याच्या टायरचा फोटो काढायचा. आपल्याला तेरा मिळतात.

"पण मग दोनच का बसवले?" विद्या म्हणाली. "चारही बदलले असते तर काही जळलं नसतं."

"पुढचे अजून अर्धे शिल्लक होते."

हे मात्र तिला लगेच पटलं.

११०
*एका टायरनं किती वजन उचलायचं त्याचा सांकेतिक आकडा. एक हजार साठ किलो.*

खांबावरच्या पेन्सिलीवर मंजुनाथ गुंडूला ठेवणार नव्हता. संग्रामनं स्वतः दुकानात जाऊन बोलायला हवं होतं. गुरुवारी विद्यानं त्याला फोन केला. "मॅडम, तुम्हीसुद्धा?" म्हणून त्यानं ठेवून दिला.

शुक्रवारी संध्याकाळी मी एकटा गेलो. एचएसआरच्या बागेत तो गोल गोल चालत होता. मीही बाजूनं चालू लागलो.

"मॅडमनी पाठवलं, सर?"

"नाही. तिला वाटतं तू मूर्खपणा केलास. मला वाटतं तू जळत होतास."

त्याची पावलं चुकली.

"काहीतरीच. अजिंक्य माझा भाऊ आहे."

"म्हणून तर. परक्याची गाडी विमानाएवढी असली तरी आपल्याला काय!"

एक फेरी झाली.  त्याला बोलतं करायला माझ्याकडे एकच गोष्ट होती, आणि ती मी कधी कुणाला दाखवली नव्हती.

"दोन हजार तीन," मी म्हणालो. "जर्मनीला सहा महिने मोजमापाचं प्रशिक्षण. एक जागा. आमच्या दोघांचेही अर्ज. विद्या तिच्या आईच्या दुखण्यापायी रजेवर होती, दिवसभर दवाखान्यात. दुपारी घरी फोन आला, तिची निवड झालीय, उद्या अकरापर्यंत होकार कळवा. फोन मी घेतला. म्हणालो, तिला घर सोडून जमणार नाही. यादीत दुसरा रत्नाकर होता, तो गेला. फोन करणाऱ्या साहेबांची महिनाभरात बदली झाली. विद्याला अजून वाटतं, तिचं नावच नव्हतं."

संग्राम थांबला.

"का?"

"माझं नाव नव्हतं म्हणून."

मुलं झोपाळ्यावरून ओरडत होती. संग्राम बाकावर बसला. त्यानं बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

"मोजल्यावर फार बरं वाटलं, सर," तो हळूच म्हणाला. "शनिवारी. एक मिलिमीटर. रात्री पुन्हा खाली जाऊन बघून आलो." मग एकदम मान वर केली. "मॅडमना सांगितलंत हे?"

"नाही."

"बावीस वर्षांत?"

"नाही."

"मग मला कुठल्या तोंडानं सांगता दुकानात जाऊन बोल म्हणून? अजिंक्यला कळेल, आईला कळेल, ऑफिसात कळेल. तुम्ही घरात एका माणसाला सांगू शकत नाही." तो उठला. "ठीक आहे. तुम्ही मॅडमना सांगा. मी मंजुनाथला सांगतो. उद्या सहाच्या आत. मॅडमच्या तोंडाकडे बघून मला कळेल. तुम्ही नाही, तर मीही नाही."

घरी येईपर्यंत मी वेगळ्या वाटा शोधल्या. गुंडूला दुसरीकडे चिकटवता येईल. आमच्या गल्लीतल्या पंक्चरवाल्याकडे. पन्नाशीत, बावीस वर्षांच्या कामानंतर, चोरासारखा फोटो सगळीकडे फिरल्यावर.

विद्या जेवायची थांबली होती. "काय म्हणाला?" तिनं विचारलं.

"येईल बहुतेक," मी म्हणालो आणि पानावर बसलो.

एच
*वेगाची मर्यादा. ताशी दोनशे दहा किलोमीटर. रिंग रोडवर या अक्षराचा काही उपयोग नाही.*

शनिवारी पाच वाजता सिल्क बोर्डच्या चौकाच्या अलीकडे गाड्या पूर्ण थांबल्या. मी स्टिअरिंग धरून होतो. पाच मिनिटं झाली. दहा झाली. शेजारच्या रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं.

मी सांगितलं.

सगळं, बागेत सांगितलं तसंच. फक्त बागेत सोपं गेलं होतं.

विद्यानं समोर बघत ऐकलं. मग विचारलं, "महिना कुठला?"

"जून."

"मी घरी किती वाजता आले?"

"पाचला. तू चहा केलास."

"तू प्यायलास?"

"हो."

पुढची गाडी हलली. मी गिअर टाकला.

"विद्या..."

"आधी गुंडूचं काम," ती म्हणाली.

संग्राम दुकानात आधीच आला होता. त्यानं विद्याच्या चेहऱ्याकडे एकदाच पाहिलं आणि मान खाली घातली. मग सरळ गुंडूसमोर जाऊन उभा राहिला.

"गुंडू, फोटो मीच पाठवला होता. कुलूपही मुद्दाम लावलं. तू स्टिकर वाचून मला अडवशील म्हणून." मंजुनाथकडे वळून त्यानं तेच कन्नडमध्ये पुन्हा सांगितलं, सावकाश, पाढे म्हटल्यासारखं.

गुंडूनं हात पुसले. "कशापायी वो सायब?"

"अजिंक्यच्या गाडीपेक्षा उंच करायची होती."

"किती उंच झाली?"

"तेरा मिलिमीटर."

गुंडूनं अंगठा नि बोट यांच्यात तेवढी जागा धरून बघितली. "येवढ्यासाठनं? आवो, मग चारी घालून घ्यायचं. काय बी झालं नसतं."

"पुढचे अर्धे शिल्लक होते."

"व्हय," गुंडू गंभीरपणे म्हणाला. "अर्धं टायर कोन टाकून देतंय?"

तेवढ्यावर त्याचा राग संपला की काय, मला कळलं नाही. मला तर वाटलं, त्यानं शिवी द्यावी. मंजुनाथनं ग्रुपवर टाकण्यासाठी लिहून ठेवलेला मजकूर आमच्यासमोर पुसला आणि गुंडूला कन्नडमध्ये म्हणाला, सोमवारपासून चावी घेतल्याशिवाय जॅक लावायचा नाही. गुंडू म्हणाला, "सोमवार कशाला, आत्ताच चावी मागतो," आणि बाहेर उभ्या असलेल्या टॅक्सीकडे गेला.

संग्राम माझ्या शेजारी आला. "सर, झालं माझं," तो म्हणाला. त्याचा चेहरा हलका दिसत होता. मला त्याचाही हेवा वाटला.

मी गाडीचं दार उघडून धरलं. विद्या बसली नाही.

"मी बसनं येते."

"बस का? गर्दी असेल. मी..."

"उमाकांत," ती म्हणाली, "मी बसनं येते."

स्टॉपवर बनशंकरीची बस लागलीच होती. ती चढली. मी गाडी काढली आणि बसच्या मागं लावली. बस थांबली की मी थांबायचो, मागचे हॉर्न वाजवायचे, एकानं काच खाली करून शिव्या दिल्या. अगरा स्टॉप गेला. पुढच्या वळणावर बस डावीकडे झाली आणि मला तिची खिडकी दिसली.

शेजारी एक अनोळखी बाई बसली होती, मांडीवर भाजीची पिशवी घेऊन. विद्या तिच्याकडे पूर्ण वळून बोलत होती. हात हलवत, न थांबता, इतकं तिनं माझ्याशी कित्येक वर्षांत बोललेलं मला आठवत नव्हतं. बाई मान डोलवत होती. मग तिनं विद्याच्या हातावर हात ठेवला.

मी हॉर्न वाजवला. खिडकीतून कुणीही वळून पाहिलं नाही.

ती बाई कुठल्या स्टॉपवर उतरते ते बघत मी बसच्या मागं मागं जात राहिलो.